झालं का हो?

माझं माहेर संगमेश्वरकडचं, लग्न करून आले ती परळच्या चाळीत, अख्ख्या मजल्याला संडास दोन, आणि आत माणूस बसला रे बसला की बाहेरून दारावर थाप, झालं का हो, झालं का. आमच्या ह्यांची अर्धी हयात त्या थापा ऐकण्यात गेली. म्हणून शांती नगरात हा ब्लॉक बघायला आलो तेव्हा हॉल नाही, किचन नाही, हे आधी संडासात शिरले, कडी लावली, उघडली, हसत बाहेर आले, म्हणाले घेऊया.

मग पार्किन्सन झाला. हात थरथरतो ते सगळ्यांना दिसतं हो, पोट हलत नाही ते कुणाला दिसतंय? चार-चार दिवस नाही म्हणजे नाही. डॉक्टर म्हणाले, ह्या आजारात आतडीही मंदावतात, आणि पोट साफ नसलं की गोळी उशिरा लागू पडते. तसंच व्हायचं, गोळी घेऊन किती वेळ झाला तरी ह्यांना शर्टाचं बटण लावता यायचं नाही, मी लावायला गेले की मान फिरवायचे. जीव तुटायचा माझा.

मग मी हात धुऊन मागे लागले. सगळं डॉक्टरांना विचारून, उठल्यावर कोमट पाणी, पपई, पालेभाजी, त्यांनी दिलेली पावडर, बसताना पायाखाली पाट. सांडतं म्हणून हे पाणीच टाळायचे, तर झाकणाचा पेला आणला, दुकानवाला म्हणतो, आंटी ये तो बच्चों का है, म्हटलं तू दे ना बाबा. आत पडतील म्हणून कडी मीच काढून टाकली आणि दाराशी उभी राहायचे, दर दोन मिनिटांनी थाप, झालं का हो, झालं का हो. तरी काही नाही. एक दिवस चिडले, म्हटलं अजून करू तरी काय मी? ह्यांचा आवाज हल्ली बारीक झालाय, कान द्यावा लागतो. म्हणाले, कडी काढलीस, बरं केलंस, पण थाप नको मारूस गं, थाप ऐकली की मी परत चाळीत जातो आणि सगळं आतच राहतं.

काय सांगू तुम्हाला, रडूच फुटलं मला. एवढं शहाणपण केलं आणि रांगेतली बाई मीच झाले होते.

आता चहा झाला की रोज त्याच वेळी जातात, मी बाहेर स्टुलावर भाजी निवडत बसते. ठीक असले की आतून पाण्याचा मग बादलीवर दोनदा वाजवायचा, ठरलंय आमचं. तोंडावर येतं हो विचारायचं, पण गिळते. रोज होतं असं नाही, आजार काय जाणार नाही, ते मला माहितीये.

आज तीनदा वाजवला. मी घाबरून उठले, मेथी सगळी खाली, तर आतून आवाज, अगं झालं, झालं. मग गोळी घेतली, थोड्या वेळाने खिडकीशी उभं राहून एकट्याने शर्ट घातला, बटणं लावली. एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. मी बघितलं आणि परत मेथी निवडायला बसले. देवाने एवढं रोज द्यावं.