अखंड काच

शरच्चंद्र : ते चित्र आत्ताच्या आत्ता काढ, केयूर. सोसायटीचा अध्यक्ष म्हणून सांगतोय. आपली इमारत तुझ्या दुकानाच्या काचेत वाकडी टांगली आहे. रस्त्यावरचे लोक थांबून हसतात.

केयूर : काढतोच आहे हो, काका. पण ही काच सरकत नाहीये. कालपर्यंत मस्त सरकत होती.

शरच्चंद्र : वा! चित्र वाकडं, काच अडलेली. कलेला उत्तेजन द्यायचं म्हणजे एवढं सोसायलाच हवं. या, उल्काताई, तुमचीच वाट पाहत होतो. कोथरूडच्या दुकानादुकानांत चित्रं लावायची टूम तुमचीच ना?

उल्का : माझीच. दरवर्षी प्रत्येक दुकानाचं नवं चित्र, समोरच्या फुटपाथवर बसून काढलेलं, त्याच दुकानाच्या काचेत. तक्रार काय आहे?

शरच्चंद्र : दुकानावरचा बीम. तुम्ही तो मधोमध खाली आणलाय. वयोमानाप्रमाणे हात थरथरतो, हे मी समजू शकतो. पण त्याचं प्रदर्शन कशाला?

उल्का : हात थरथरला तर रेघ नागमोडी येते, अध्यक्षमहाराज. ही सलग वाकली आहे. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. जे दिसत नाही ते मी काढत नाही. केयूर, गेल्या वर्षीचं चित्र आहे का रे?

केयूर : आहे ना, गल्ल्यामागे. हे घ्या.

उल्का : यात बीम सरळ आहे. आणि इथे, बरोबर मध्यावर, एक खांब आहे.

केयूर : तो काढला, दिवाळीआधी. तुमच्याच चित्रांसाठी, ताई! खांबामुळे दोन छोट्या काचा होत्या, मोठं चित्र बसायचंच नाही. आता बघा, एकच अखंड काच. लोक सेल्फी काढतात इथे.

उल्का : कुणाला विचारून काढलास?

केयूर : फर्निचरवाल्याला. तो म्हणाला, नुसता शोभेचा आहे.

शरच्चंद्र : आणि सोसायटीला. आम्ही रीतसर ठराव केला. एकमताने.

उल्का : वरच्या मजल्यांचं वजन बैठकीला हजर होतं का?

शरच्चंद्र : टोमणे नकोत.

उल्का : मग मोजू या. माझं चुकलं तर मलाच बरं वाटेल. केयूर, दोरा दे, आणि एकाच खोक्यातले तीन नवे खोडरबर. आता स्टूलवर चढ. बीमच्या खालच्या कडेला, दोन्ही टोकांशी एकेक खोडरबर धरायचा, आणि त्यांच्याखालून दोरा ताणायचा. अध्यक्षमहाराज, तुम्ही ते टोक सांभाळा. बीम सरळ असेल तर तिसरा खोडरबर मध्यभागी सहज आत जाईल. मी लावते.

केयूर : गेला?

उल्का : नाही.

केयूर : दाबून बघा ना जरा.

उल्का : दाबून गेला तर तो पुरावा नव्हे.

शरच्चंद्र : जुनी इमारत आहे. वाक पहिल्यापासूनच असेल.

उल्का : असू शकेल. पण काच कालपर्यंत सरकत होती, असं हा म्हणतो. चौकट वरून दाबली जाते आहे. म्हणजे वाक अजून वाढतो आहे.

(वरून पावलांचे एका तालातले ठोके.)

उल्का : हे काय?

शरच्चंद्र : सुरुचीचा कथकचा वर्ग. रोजचाच आहे.

उल्का : सगळ्या मुली एकाच वेळी पाय आपटतात?

शरच्चंद्र : एकीचा पाय मागे पडला तर ती ओरडते. उल्काताई, मी रविवारी बैठक बोलावतो, इंजिनियर आणतो. आज बोभाटा झाला तर उद्या महापालिका सगळ्यांना घराबाहेर काढेल. मीही वरच राहतो, विसरू नका.

केयूर : आणि माझं दुकान? सगळे म्हणतील, केयूरने इमारत पोखरली.

उल्का : म्हणतील.

केयूर : ताई, तुम्हाला नक्की खात्री आहे?

उल्का : नाही. खात्री असती तर मी या बीमखाली उभी राहून बोलले नसते.

शरच्चंद्र : ऐकलंस? त्यांनाच खात्री नाही. तो फोन ठेव, केयूर.

केयूर : माझी लेक ओवी त्या वर्गात आहे, काका. — हॅलो, सुरुचीताई? केयूर बोलतोय, खालून. नाच थांबवा. हो, आत्ताच. कारण मग सांगतो. मुलींना एकेक करून खाली पाठवा. नाही, घुंगरं सोडत बसू नका. आणि ताई, कुणाला पळू देऊ नका... पाऊल हळू टाकायला सांगा.