थोरलीचा अर्धा, धाकटीचा अर्धा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं म्हणाल तर बटले सोलले, ओसरीवर बसून, मधे परात. बटले म्हणजे मटार हो, इकडे माळव्यात बटलेच म्हणतात. ती सोलायची आणि मी खायचो, आणि ती म्हणायची, अहो परातीत टाका, पोटात नका टाकू, दुपारी मीटिंग आहे, कचोऱ्या करून न्यायच्या आहेत. मीटिंग पुलाची. मी म्हटलं, त्या लोकांना कचोरी कशाला, विष दे. ती हसली. बस, एवढंच. आधी ठाऊक असतं तर मी निदान बटले तरी सोलले असते.

आता पुलाचं सांगतो, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. देवासला दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, गाव एक आणि राजे दोन. आमच्या नदीवरचा लोखंडी पूल त्या वेळचा. अलीकडचं आमचं गाव धाकटीचं, पलीकडचं थोरलीचं, आणि पूल अर्धा अर्धा. माझा आजा सांगायचा, रंगसुद्धा दोन होते, थोरलीवाले मधोमध येईपर्यंत लाल लावायचे आणि ब्रश धुऊन घरी जायचे, तिथून पुढे आमचा काळा. राजे गेले, पात्या गेल्या, पण इथल्या मराठ्यांच्या डोक्यातून गेल्या नाहीत. आमचे पणजे फौजेबरोबर आले ते इथेच राहिले, ना जमीन मोठी ना शिक्षण मोठं, पाती तेवढी मोठी. मी चौथीत शाळा सोडली, रस्त्याच्या खात्यात गँगमध्ये लागलो, पुढे गँगचा मुकादम झालो. उन्हाळ्यात पूल खरवडायचा आणि रंगवायचा, हेच काम. मी अख्खा लाल रंगवला तेव्हा आमच्या गावच्या म्होरक्यांनी, आप्पांनी, मला बोलावून विचारलं होतं, काय रे बाबू, बायकोच्या माहेरचा रंग लावलास का. कारण आमची ही पलीकडची, थोरलीची. लग्न करून याच पुलावरून आली.

मग खाली सिमेंटचा नवा पूल झाला आणि जुना दोन्हीकडून आडवे पाइप लावून बंद करून टाकला. शनिवारचा हाट नव्या पुलाच्या तोंडाशी गेला, म्हणजे रस्त्यावरच. दोन्ही गावच्या बायका तिथे भाजी, पापड घेऊन बसायच्या, ही पण बसायची, आणि ट्रक असे जवळून जायचे की काय सांगू तुम्हाला, एकदा हिच्या मांडीवरची टोपली चाकाखाली गेली. मांडी वाचली ते नशीब.

आणि त्यातच खात्याची एक इंजिनियर मॅडम आली, चांगली पोरगी, म्हणाली, हा पूल आमच्या कामाचा उरला नाही, पण मोडायला मन होत नाही, कोणीतरी याचे मालक व्हा. दोन्ही गावांनी एका तोंडानं हो म्हणा, सांभाळा, त्याच्यावर काय करायचं ते करा, नाहीतर धारकडे मांडूच्या वाटेवर एक हॉटेलवाला मागून राहिला आहे, तो उचलून नेईल. ही रात्रभर जागी. मला म्हणते, अहो, पुलावर हाट भरवू, दोन्ही कठड्यांना लागून बायका बसतील, मधून गिऱ्हाईक, ट्रक नाही, धूळ नाही, खालून वारा. मी म्हटलं, सई है, एकदम बरोबर. माझ्या जन्मात मी त्या पुलाचा असा विचार केला नव्हता, मी आपला गंज बघायचो.

मीटिंग शाळेच्या पटांगणात झाली. मॅडम बसलेली, आणि यांचं सुरू, मालकीत नाव कोणत्या गावाचं आधी. आप्पा म्हणाले, आमचं. पलीकडून हिचा धाकटा भाऊ दत्तू उठला, म्हणाला, भिया, थोरली ती थोरली, देवासच्या टेकडीवर आधी मोठ्या मातेच्याच पाया पडता ना? आप्पा म्हणाले, मी लहान मातेच्या पडतो आधी, जा. आणि लोक हसून राहिले, टाळ्या देऊन राहिले. ही उठली. म्हणाली, अरे, नाव नदीचं द्या, पण पूल ठेवा. दत्तू म्हणाला, ताई, तू बस, तू आता धाकटीची. मग ही आप्पांकडे वळली, तर आप्पा म्हणाले, सूनबाई, तू त्यांची लेक, तुझं मन तिकडे. ती म्हणाली, मग मी कुठली?

कचोऱ्या सगळ्यांनी खाल्ल्या. मॅडम उठून गेली. घरी येऊन ही आडवी झाली, म्हणाली छातीत कसंतरी होतंय, आणि गाडी दारात येईपर्यंत संपली.

पूल गेला, ते तुम्ही येताना बघितलंच, नदीत नुसते दगडी पाये उभे आहेत. ठेवू म्हणून मला शब्द दिला होता या दोन्ही गावच्यांनी. तेराव्याचं जेवले, हात धुतले, आणि ओसरीवरच पुन्हा तेच, नाव कुणाचं आधी. मॅडमनं वाट तरी किती बघावी. आता तो पूल हॉटेलच्या हिरवळीवर एका हौदावर उभा आहे, कोणीतरी मोबाइलवर दाखवला, दिवे लावलेत, नवरा-नवरी फोटो काढून राहिले आहेत. त्यांचं भलं होवो, त्यांचा काय दोष. हाटाच्या बायका अजून रस्त्यावरच धुळीत बसतात. देव त्यांना सांभाळो, माणसं तर सांभाळत नाहीत.

शब्द कधी दिला विचारता? ही गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. स्मशानाचा घाट पलीकडे, नव्या पुलानं लांबचा फेरा, तेव्हा कोणी न सांगता यांनी इकडचे पाइप काढले, त्यांनी तिकडचे, आणि हिला जुन्या पुलावरूनच नेली. आम्हाला लेकरू नाही, म्हणून विस्तवाचं मडकं माझ्याच हातात. अर्ध्या वाटेवर विसावा द्यायचा, तिरडी खाली ठेवायची, पुढच्यांनी मागे जायचं, मागच्यांनी पुढे, अशी आमच्यात रीत. आमच्या घरापासून घाटाची अर्धी वाट पुलाच्या मधोमध पडते. तिथे ठेवली. दोन्हीकडचे लोक खांदे बदलायला वाकले, तर मी म्हटलं, उचलू नका.

आप्पा म्हणाले, बाबू, असं नसतं करत, मातीचा खोळंबा करू नये. मी म्हटलं, काल तिनं तुम्हाला काहीतरी विचारलं होतं, ते आधी सांगा. ही बघा, डोकं थोरलीत आहे, पाय धाकटीत, सांगा कुठली. उन्हं वर आली. मग दत्तू खाली बसला, तिरडीवर हात ठेवून रडला, म्हणाला, दाजी, दोन्हीकडची, पूल इथेच राहील, हाट भरेल. आप्पांनीही वाकून हात ठेवला, म्हणाले, राहील. मग एकेकानं ठेवला, वाकून वाकून, सगळ्या माणसांनी.

मी म्हटलं, उचला आता. आणि मडकं घेऊन पुढे चालू लागलो.