घरचं एकच माणूस

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक सुतार, एक शिंपीण आणि एक मास्तर बसले होते. नर्सबाई बाहेर आल्या. पुढचं मी याच कानांनी ऐकलंय. शपथ तेवढी घ्यायला लावू नका.

"आजी ऑपरेशनला घाबरल्यात. एकटी थिएटरमध्ये जाणार नाही म्हणतात. त्यांच्या घरचं कोण?"

"मी!" तिघंही उठले.

"सख्खे आहात?"

"एका चर्चचे आहोत."

"एकालाच सोडते."

"एकच आहोत, सिस्टर."

"मला तर तीन दिसताहेत!"

"पिता, पुत्र, पवित्र आत्मा. आमचा देवही तीन असून एकच आहे. लेकरं बापावरच जाणार ना?"

आतून आजींचा आवाज आला, "सिस्टर, आलं का हो कुणी माझं?"

"आलंय, आजी! एकच माणूस आहे, पण चांगलंच ऐसपैस आहे. थांबा, दोन्ही दारं उघडते!"