झिंगरू शिपायाचं काय करू?

थकलो बाप्पा मी या शिकवणीले! वडसाच्या नाटक मंडळीतले सुधाकरभाऊ, ते हसवणारे, माह्याकडे बीएच्या इतिहासाले येतात. दोनदा नापास झाले, ही शेवटची संधी. दिवाळी ते होळी भाऊ नाटकाच्या दौऱ्यावर, अन् मी इथी एकटाच पुस्तक उघडून बसतो.

काल त्यांचा सरावाचा पेपर तपासला. प्रश्न होता, राजाचा किल्ला कसा पडला? उत्तर झकास. पण मधातच झिंगरू नावाचा शिपाई घुसला. तो राजाले हसवत बसला, अन् किल्ल्याचा दरवाजा उघडाच राह्यला!

"भाऊ, हा झिंगरू कोण?"

"नाटकातला, सर. माहाच रोल आहे."

"पुस्तकात नाई तो! असंच काही लिहून दोनदा नापास झाले असाल तुम्ही. खोडा त्याले."

त्यांनी पेन उचलला, अन् झिंगरूच्या नावावर टेकवून ते थांबले.

"खोडतो सर. पण राजा, दिवाण, सेनापती सारे पुस्तकात आहेत. हा एक गेला, तर आमच्यासारख्या साध्या माणसांतला कोणीच राहत नाई."

परवा पेपर आहे. अन् कालपासून मीच पुस्तक चाळून राह्यलो, एखादा शिपाई नावानिशी सापडते का म्हणून.