साखराबाईच्या मरणाची चौकशी

मी साखराबाई धुळाजी कोकरे, वय ५२ वर्षे, धंदा मेंढपाळी, रा. बिरोबावस्ती, ता. शिरूर कासार, जि. बीड. ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी जिवंत आहे.

आज सकाळी अंगणात भांडी घासताना माझ्या डोक्यावर कावळा बसला. असे झाले की आमच्यात ते माणूस मेल्याची खोटी बातमी पाहुण्यांत धाडतात. ते रडले की संकट टळते, मग लगेच खरे सांगायचे. त्याप्रमाणे सून रोहिणीने तलवाड्याला माझा भाऊ सुग्रीव यास फोन लावला. तो मोठमोठ्याने रडला. मला बरे वाटले. परंतु रडण्याच्या भरात तो फोन घरीच टाकून माझ्या मालकांकडे निघाला, त्यामुळे खरे सांगायचे राहिले.

माझे मालक धुळाजी मेंढरे घेऊन तलवाड्याच्याच शिवारात होते. भावाचा शेजारी सोमलिंग हा विमा एजंट असून भावाचे रडणे ऐकून तो मोटारसायकलवर भावाच्या आधी तेथे पोचला. मालकांच्या विम्याला वारस म्हणून माझे नाव आहे. वारस आधी गेला तरी विमा बुडत नाही, पण दुसरे नाव लावून घ्या, नाहीतर तुमच्या मागे पोरांना दाखल्यांसाठी हेलपाटे घालावे लागतील, असे तो मालकांना सांगत होता.

तेवढ्यात भाऊ आला. विमा माझ्याच जिवाचा आहे असे समजून त्याने मालकांची गचांडी धरली व म्हणाला, "दाजी, बहिणीला अजून माती दिली न्हाई, अन् तुमी इम्याला बसलात व्हय?" मालकांनी मला मारले, अशा संशयाने त्याने त्यांना ठाण्यात आणले. ठाण्यातून घरी फोन आला, तो मीच उचलला. साखराबाई कशाने वारल्या, असे साहेबांनी मला विचारले. मी मिळेल त्या गाडीने आले.

मला पाहून भाऊ पुन्हा रडला. मालक माझ्याकडे बघत राहिले. भावाने त्यांची माफी मागितली आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, मालकांना सोडावे.

दुसरे नाव कोणाचे लावले, असे मी सोमलिंगला सर्वांसमक्ष विचारले. त्याने सांगितले की, मालक म्हणाले, "तिचं नाव खोडू नगा. आमच्यात पैसा तिलाच सांभाळता येतो. मेली तरी तीच सांभाळील."

त्यानंतर मी रडले, ते कावळ्यामुळे नव्हे, असे लिहून घ्यावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. खाली माझा, म्हणजे जिवंत साखराबाईचा, अंगठा आहे.