सुनंच्या इंडेक्समधी विलासभावजी लांब

…आन वरून मलाच इचारती, "आत्याबाई, जवळ म्हंजे काय?" आता तुम्हीच सांगा, मी सुपात तूर पाखडायले, नाकातोंडात धूळ, आन सून इचारती जवळ म्हंजे काय! जवळ म्हंजे जवळ गं बाई! पण पाखडता पाखडता ऐकत बसले. कामून म्हणता? तुम्हाला सांगते, आमची ज्योत्स्ना लई हुशार! ह्या ठाणाकुशनूरात घरी बसून कंपनीचं डेटाबेसचं काम करती, म्हंजे माहितीचं कोठारच की वो! आन त्यातलं झटकन सापडावं म्हणून जे असतंय, ते इंडेक्स.

आमचे मालक रामराव म्हणाले, "इंडेक्स तर पुस्तकातबी असतंय, तुला इतके महिने कामून लागायलेत?" तर म्हणती, "मामा, जुन्या इंडेक्सला एकच येतंय, ओळीनं लावणं. लहान-मोठं, आधी-नंतर. आपल्या शेताजवळ कुणाचं हार्वेस्टर हाय, हे कुठल्या ओळीत लावू?" अख्ख्या औराद तालुक्यात त्यान्ला गप करणारी ही एकटीच, माझं तर मन भरलं.

तर हिनं असं इंडेक्स बनवलं, की आत काय ठेवलंय ते त्याला मालूमच न्हाई! शेतं ठेवा, फोटो ठेवा, गाणी ठेवा… नुसतं एवढं सांगायचं, की माहितीच्या गठ्ठ्यावर चिठ्ठी काय लावायची, हवं ते ह्या गठ्ठ्यात असंल का, नवं आलं तर कुठल्या गठ्ठ्यात कमी अडचण, आन गठ्ठा भरला तर त्याचे दोन कसे करायचे. मी म्हणले, अगं ही तर लग्नाची पंगत! नवा पाव्हणा कुणाशेजारी बसवला तर कमी भांडण, ओळ भरली तर कुठं तोडायची… पोरगी उठून गळ्यातच पडली माझ्या, सुपासकट!

मग तपासून बघायला हिनं घेतले आपल्या भागातले हार्वेस्टर, आन सांगायला बसवलं मालकाला. जवळ म्हंजे काय? मालक बी रंगले! "हे नकाशात जवळ दिसतंय, पर मधी नाला हाय, पूल अरुंद, लांब लिही. ते सीमेपल्याड महाराष्ट्रातलं, पर रस्ता सरळ, जवळ लिही." मग आलं विलासभावजींचं मशीन. भावजी म्हंजे ह्यांचे चुलतभाऊ, बांधाला बांध. मालक म्हणाले, "लांब."

"मामा, बांधापलीकडं तर उभं हाय!"

"बोलणं बंद हाय. उदगीरच्या पलीकडं लिही!"

कामून बंद? जयंतीच्या मिरवणुकीत भावजींनी ह्यांच्याआधी फेटा बांधून घेतला! मी म्हणले, ज्योत्स्ना, तू आपलं जवळच लिही. तर म्हणती, "न्हाई आत्याबाई. जवळ म्हंजे काय, हे माझं इंडेक्स ठरवणार न्हाई. ज्याचं त्यानं सांगायचं." आन लिहिलं की लांब! तत्त्वाची पोरगी…

मग सोयाबीन वाळलं, शेंगा तडकायल्या, आन एक दिवस दुपारीच आभाळ काळंभोर! वर्षाचं पीक वो, भिजलं की कोंब! मालक ओरडले, "बघ गं, जवळचं रिकामं मशीन!" हिनं बटण दाबलं, पापणी लवायच्या आत उत्तर… राजेश्वर गावचं! कुठं राजेश्वर, कुठं आम्ही! "ते येईस्तोवर वाहून जाईल सगळं! चुकलं तुझं इंडेक्स!" आन बांधापलीकडं भावजींचं मशीन रिकामं उभं, आम्हाला दिसायलंय! ज्योत्स्ना म्हणती, "चुकलं न्हाई मामा. तुम्ही सांगितलाव तसंच बरोबर हाय." तुम्हाला सांगते, अभिमान वाटला पोरीचा!

मालकांनी आभाळ बघितलं, पीक बघितलं, आन बांधावरनं पाय टाकला. एका पावलात उदगीरच्या पलीकडं! भावजी म्हणाले, "कामून आलाव, अण्णा?" मालकांनी सोयाबीनकडं बोट दाखवलं. भावजींनी वर आभाळाकडं बघितलं, काय समजायचं ते समजले, आन किल्ली फिरवली. पहिला थेंब पडला तवा पोती घरात होती. मला तर रडूच आलं.

मालक घरात आले ते म्हणतच, "विलासला जवळ लिही." हिनं तेवढंच बदललं, बाकी इंडेक्सला हात लावायची गरजच न्हाई! कंपनीवाले खूश, मालक खूश… आन भावजी? भावजी आता रोज जेवायला येतेत! शेवटी मी हळूच इचारलं, ज्योत्स्ना, जवळचा माणूस थोडा लांब करता येतंय का गं? तर म्हणती, "येतंय की. मामा सांगतील तसं." आन मामा काय करायलेत? भावजींच्या ताटात तूप वाढायलेत! घ्या… उठले, परत पीठ मळायला घेतले.