एक शिकायचं नव्हतं

मी मूळचा भोकरकडचा, बाप हमालीला हैदराबादला आला तवा मी कडेवर व्हतो, आणि बापाचं एकच म्हणणं, पोरा शिक, पण काय सांगू तुम्हाला, मी दहावीला आपटलो, एकदा नाही दोनदा, मग नारायणगुड्याला एका बीएड कॉलेजात अटेंडर म्हणून लागलो. म्हंजे शिकायच्याच जागी लागलो बगा. मास्तरीण व्हणाऱ्या पोरींचा फळा पुसायचा, पाणी भरायचं, कागदावर सह्या घेत हिंडायचं.

तिथं एक मॅडम दर साली पहिल्याच दिवशी फळ्यावर लिवायच्या, शिकणं म्हंजे काय. एकदा पुसता पुसता म्या विचारलं, अम्मा, हे काय असतंय, तर म्हणाल्या, अनुभवानं माणसाच्या वागण्यात बदल होतो आणि तो टिकतो, ते शिकणं, बाकी नुसतं पाठांतर. मला हसू आलं, म्हटलं मग आमची बायको लई शिकलेली, अंगठा उठवायची पण भाजीवालीशी तेलुगू, दूधवाल्याशी उर्दू, अन् भांडायला मराठी.

ती जाऊन दोन वर्सं झाली. गौलीगुड्यात आमच्या गल्लीत शिरलो की लांबूनच हाक मारायची माझी सवय, मनोजची माय, आलो बरं, बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, मग ती कडी काढून ठेवायची. ती गेल्यावर बी हाक जायचीच, हातात कुलपाची किल्ली अन् तोंडात हाक. शेजारची तेलुगू बाई म्हणायची, नक्को अन्ना, तुमी हाक मारता अन् मला रडू येतं. मनोज म्हणला, बाबा, लोक हसतात, कुकटपल्लीला चला आमच्याकडं. पोरगा चांगला हाय, सून बी चांगली हाय, पण मी गेलो नाही. मला धास्ती एकच, ही हाक सुटली म्हंजे ती खरीच गेली.

परवा मंगळवारी घरी आलो, कुलूप काढलं, भात टाकला, जेवलो, आणि हात धुताना ध्यानात आलं, आज हाक मारलीच नाही. कोणी अडवलं नव्हतं, आपोआप सुटली. तसाच मोरीपाशी बसलो, रडलो, लपवायचं काय त्यात. आता मुद्दाम मारून पाहतो, पण ती हाक नसते ती.

लिवताय तर एवढं लिवा, कॉलेजातल्या त्या पोरींनी खूप शिकावं, लई मोठं व्हावं, माझा आशीर्वाद हाय. मला फक्त हे एक शिकायचं नव्हतं.